टोकियोत बिऱ्हाड मांडताना आधी आपला ‘कु’ ओळखा

पुण्याहून एका मैत्रिणीनं विचारलंय: नवऱ्याची कंपनीकडून तीन वर्षांसाठी टोकियोला बदली झाली आहे. मुलगा सात वर्षांचा, मुलगी तीनची. घर शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. जपानी कुणालाच येत नाही. रोजचं जगणं निभेल का, आणि शनिवार-रविवारी मुलांना घेऊन जायचं कुठे?

निभेल. मी एकोणीस वर्षं इथे राहते आणि नव्यानं आलेल्या भारतीय कुटुंबांबरोबर वॉर्ड ऑफिसात, शाळेत, दवाखान्यात दुभाषी म्हणून जाणं हेच माझं काम आहे. तुमच्या दोन प्रश्नांचं उत्तर मला एकच द्यावंसं वाटतं. दर रविवारी शिबुया, असाकुसा, डिस्नीलँड अशी यादी हातात घेऊन निघणारी कुटुंबं मी पाहिली आहेत; वर्षभरात त्यांनी टोकियो पाहिलेलं असतं, पण वाटेत थांबवून “मुलगी किती मोठी झाली हो” म्हणणारं त्यांना कुणी नसतं. जी कुटुंबं आधी घरापासून सायकलच्या अंतरातला मुलूख पायाखाली घालतात, ती रुळतात. फिरणं आणि राहणं ही इथे दोन वेगळी खाती नाहीत. म्हणून आधी आपला ‘कु’ ओळखा.

कु म्हणजे वॉर्ड, पण मुंबई-पुण्यातल्या वॉर्डासारखा नव्हे. टोकियोत असे २३ कु आहेत आणि प्रत्येकाचा स्वतःचा निवडून आलेला प्रमुख आहे, स्वतःची सभा आहे, स्वतःच्या शाळा, वाचनालयं, बागा आणि कचऱ्याचे स्वतःचे नियमसुद्धा. पूर्वेकडचा एदोगावा कु भारतीयांच्या सर्वांत मोठ्या वस्तीचा. २००० सालच्या आसपास संगणकांच्या ‘वायटूके’च्या, म्हणजे नवं शतक लागताना तारखांचा घोळ होऊ नये म्हणून करायच्या दुरुस्तीच्या कामासाठी आपले इंजिनियर मोठ्या संख्येनं आले. तोझाई लाइन या भुयारी रेल्वेनं ओतेमाचीच्या ऑफिसांत पाव तासात पोचता येतं म्हणून ते निशिकासाई स्टेशनभोवती राहिले, आणि मग दुकानं, शाळा, देवळं त्यांच्यामागोमाग आली. २०१९ मध्ये तर योगेंद्र पुराणिक हे आपल्या महाराष्ट्रातून आलेले गृहस्थ एदोगावाच्या सभेवर निवडून गेले. तुम्ही कुठेही घर घेऊ शकता, पण पहिल्या बिऱ्हाडासाठी मी याच भागाचं नाव घेते. डाळ-पीठ चालत मिळतं आणि मुलांच्या कानावर आपली भाषा पडते, एवढं पहिल्या वर्षाला पुरेसं असतं.

घराचं आधी सांगते. खासगी घरमालकाकडे गेलात तर अनामत (शिकिकिन), मालकाला द्यायचे आणि परत न मिळणारे ‘आभाराचे’ पैसे (रेइकिन), एजंटचं कमिशन, शिवाय जामीन राहणाऱ्या कंपनीची फी असं सगळं मिळून चार-पाच महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम हातावेगळी होते. कित्येक घरमालक परदेशी भाडेकरू नकोच म्हणतात. ते ऐकायला लागतं आणि त्याचा त्रास होतो. त्यामुळे कंपनी घर देत नसेल तर ‘यू-आर’ या सरकारी पाठबळाच्या संस्थेच्या वसाहती बघा. तिथे रेइकिन नाही, कमिशन नाही, जामीन नाही, करार वाढवायचे पैसे नाहीत. निशिकासाईजवळच्या कोजिमाचो वसाहतीत आणि शेजारच्या कोतो कुमधल्या ओजिमाच्या वसाहतीत आपली कितीतरी घरं आहेत.

आणखी एक गोष्ट घर ठरवायच्या आधीच ऐकून ठेवा. एदोगावाचा सुमारे ७० टक्के भाग भरतीच्या वेळी समुद्राच्या पातळीखाली असतो. तटबंदी आणि पंप यांच्या भरवशावर तो कोरडा आहे. २०१९ मध्ये कुनं घरोघर जो पुराचा नकाशा वाटला, त्याच्या मुखपृष्ठावर आपल्याच हद्दीवर लिहिलं होतं, “इथे थांबू नका.” मोठं वादळ येणार असेल तर आधीच कुबाहेर निघून जा, असा त्याचा अर्थ. त्याच वर्षी ऑक्टोबरात हागिबिस वादळ आलं तेव्हा आम्ही दोन बॅगा भरून पश्चिमेकडच्या मैत्रिणीकडे गेलो होतो. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही, मी स्वतः इथेच राहते. पण तळमजला घेऊ नका, तिसरा किंवा त्याच्या वरचा मजला बघा, आणि तो नकाशा फ्रिजवर लावा.

विमानतळावर तुम्हाला रहिवासी कार्ड मिळेल. घरात राहायला आल्यावर १४ दिवसांच्या आत कुच्या ऑफिसात, म्हणजे कुयाकुशोत किंवा त्याच्या शाखेत, पत्ता नोंदवायचा. निशिकासाईकरांचं काम कासाईच्या शाखेत होतं. लोक पत्ता नोंदवतात आणि परत येतात. मग दोन महिन्यांनी कळतं की मुलांचे हक्काचे पैसे मागितलेच नाहीत. त्याच दिवशी, त्याच इमारतीत तीन गोष्टी विचारा. पहिली ‘जिदो तेआते’, मुलांचा भत्ता. ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट काढून टाकली आहे. तीन वर्षांखालच्या मुलाला महिना १५,००० येन, पुढे अठरा वर्षांपर्यंत १०,००० येन. परदेशी रहिवाशांनाही तो मिळतो. अर्ज १५ दिवसांच्या आत करावा लागतो, उशीर झाला तर गेलेले महिने परत मिळत नाहीत. दुसरी गोष्ट मुलांचं वैद्यकीय कार्ड. आरोग्य विम्यात मोठ्यांना खर्चाचे ३० टक्के भरावे लागतात, पण टोकियोच्या २३ कुंमध्ये अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचा विम्यात बसणारा उपचार या कार्डावर फुकट होतो. शाळेआधीच्या मुलांच्या कार्डाला ‘मारुन्यू’ म्हणतात, शाळकरी मुलांच्या कार्डाला ‘मारुको’. दवाखान्यातल्या बाई हेच शब्द विचारतील. तिसरी गोष्ट लसीकरणाचे कागद. मुलांची भारतातली लसींची नोंद इंग्रजीत आणि तारखांसह बरोबर आणा, नाहीतर कोणते डोस झाले ते पटवून देताना दमछाक होते.

आजारपणाची भीती सगळ्यांना असते, म्हणून हे नंबर आजच लिहून घ्या. रात्री मुलाला ताप चढला आणि दवाखान्यात न्यावं की सकाळपर्यंत थांबावं हे कळत नसेल तर ‘हॅश ८०००’. मोठ्यांसाठी ‘हॅश ७११९’. अँब्युलन्स ११९, ती फुकट असते. माझा मुलगा चार वर्षांचा असताना एका रात्री त्याला एकशेचार ताप होता आणि मी ११९ फिरवायला निघाले होते. ‘हॅश ८०००’वरच्या नर्सबाईंनी मोडक्यातोडक्या जपानीतले माझे शब्द जुळवत चारच प्रश्न विचारले: पाणी पितोय का, लघवी झाली का, हाक मारल्यावर बघतोय का, मान वाकते का. मग म्हणाल्या, सकाळपर्यंत थांबा, काखेत आणि जांघेत गार पट्ट्या ठेवा. तेव्हापासून ते चार प्रश्न मी प्रत्येक नव्या आईला शिकवते. पाणी, लघवी, हाक, मान. त्यांची जपानी वाक्यं फोनमध्ये साठवून ठेवा.

कचऱ्याबद्दल तुम्ही भीतिदायक गोष्टी ऐकल्या असतील. जळणारा (मोएरु गोमी) आठवड्यातून दोनदा, बाकीचे ठरलेल्या वारी, सकाळी आठच्या आत, ठरलेल्याच जागी, आणि वरून जाळी ओढायची, नाहीतर कावळे पिशव्या फाडतात. मोठं सामान असेल तर फोन करून वेळ घ्यायची आणि दुकानातून स्टिकर आणून चिकटवायचा. तळणीचं तेल मोरीत ओतायचं नाही. ते घट्ट करणारी पावडर मिळते, ती गरम तेलात टाकली की तेलाची वडी होते आणि ती जळणाऱ्या कचऱ्यात जाते. आमच्या पहिल्या घराच्या तळमजल्यावर एक सत्तरीच्या बाई राहायच्या. मी बाटल्यांची पिशवी ठेवून वळले तर त्यांनी ती उचलली आणि तिथेच उकिडव्या बसल्या. एका बाटलीचं झाकण काढून वेगळं ठेवलं, लेबलावर बारीक टिंबांची रेघ असते तिथून ते सोललं, बाटली विसळल्यासारखी हालवून दाखवली आणि पायानं चपटी केली. मग दुसरी बाटली माझ्या हातात दिली. पुढच्या आठवड्यात त्याच वेळी त्या पुन्हा उभ्या होत्या, माझी पिशवी बघायला. त्या दिवाळीत मी त्यांना शंकरपाळ्या नेऊन दिल्या. इथे येऊन मला मिळालेली ती पहिली शेजारीण.

म्हणून राहायला जाल त्याच आठवड्यात वरच्या-खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या घरांची बेल वाजवा. हातात एक छोटा टॉवेल किंवा बिस्किटांचा पुडा, आणि “मुलं लहान आहेत, आवाज होईल, माफ करा” एवढं एकच वाक्य जपानीत पाठ. तक्रारींतल्या बहुतेक आवाजाच्या असतात. लाकडी जमिनीवर मुलांची धावाधाव खालच्या घरात ढोलासारखी ऐकू जाते. जाड फोमचे जोडायचे चौकोन मिळतात, ते खोलीभर पसरा. सकाळी आठच्या आत आणि रात्री नऊनंतर मिक्सर नको. कुकरच्या शिट्टीचीही शेजाऱ्यांना आधी ओळख करून द्या, नाहीतर त्यांना गॅस गळतोय की काय असं वाटतं.

आता स्वयंपाकघर. भेंडी ‘ओकुरा’ नावानं, कारलं ‘गोया’ नावानं, मुळा ‘दाइकोन’, कोथिंबीर ‘पाकुची’ नावानं सुपरमार्केटात मिळते, मात्र कोथिंबिरीची जुडी चार काड्यांची असते, कुंडीत लावा. मेथी, शेवग्याच्या शेंगा, कढीपत्ता यांसाठी निशिकासाईची भारतीय दुकानं. पण तुमच्या रोजच्या पालेभाजीची जागा घेईल ती कोमात्सुना. ही भाजी मूळची इथलीच, एदोगावातल्या कोमात्सुगावाची. १७१९ साली शिकारीला आलेल्या शोगुन, म्हणजे तेव्हाचे लष्करी राज्यकर्ते, योशिमुने यांना तिची चव आवडली आणि गावावरून त्यांनी तिला नाव दिलं, असं इथे सांगतात. पालकापेक्षा तिला दम जास्त. देठ बारीक चिरून आधी परतायचे, पानं मागून, भिजवलेली मूगडाळ, लसणाची फोडणी. ताकातल्या पातळ भाजीलाही चालते. माझ्या मुलांना चाकवत माहीत नाही, कोमात्सुना माहीत आहे.

बाहेरचं खाणं मात्र तुम्हाला जड जाणार, आणि ते मी गोड करून सांगणार नाही. मांस नको असं सांगितलं की लोक समजून घेतात, पण सुक्या बोनितो माशाच्या पाण्याला, म्हणजे ‘दाशी’ला, इथे कुणी मासा मानत नाही. सूप, नूडल्सचा रस्सा, उकडलेल्या भाज्या, सॅलडवरचा सॉस, सगळ्यात ती असते. म्हणून “निकु नाशी” म्हणजे मांस नको एवढं पुरत नाही. “साकाना नाशी, दाशी नाशी, तामागो नाशी” हेही सांगा. पाकिटांवर अंडं आणि दूध यांची नोंद कायद्यानं असते, ती चिन्हं आठवड्याभरात डोळ्यांत बसतात. ब्रेड आणि बिस्किटांत डुकराची चरबी किंवा जिलेटिन असू शकतं. तिथे फोनचा कॅमेरा भाषांतराला लावा. आमच्या घरात नियम होता: बाहेर जेवायचं ते भारतीय हॉटेलात, नाहीतर डबा.

शाळेत वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि एक एप्रिलला वय किती यावर वर्ग ठरतो. परदेशी मुलांना शाळा सक्तीची नाही, त्यामुळे बोलावणं आपोआप येईलच असं धरू नका. कुकडे आपण अर्ज केला की सरकारी शाळेत प्रवेश मिळतो आणि फी नसते. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळाही या बाजूला आहेत, पण त्यांची फी मोठी आहे. तीनच वर्षांसाठी आला असाल तर काय करावं? सात वर्षांच्या मुलाला मी सरकारी शाळेतच घालीन. पहिले चार महिने तो रडेल, सहाव्या महिन्यात तो तुमचा दुभाषी असेल. जेवणाबाबत मात्र प्रवेशाच्या दिवशीच शिक्षकांशी बोला. शाळेचं जेवण सगळ्यांना एकच असतं. शाकाहारी मुलाला घरचा डबा आणू द्या अशी विनंती बहुतेक शाळा मानतात, पण ती तुम्ही करावी लागते. मुलीसाठी, तुम्ही नोकरी करणार नसाल तर ‘होइकुएन’ हे पाळणाघर मिळणं अवघड, कारण ते नोकरदार आईवडिलांसाठी असतं. ‘योचिएन’ म्हणजे बालवाडी मिळेल. दुपारी दोनपर्यंत असते. ऑक्टोबर २०१९ पासून तीन ते पाच वर्षांच्या मुलांची फी सरकार भरतं, योचिएनला महिना २५,७०० येनपर्यंत. आश्रित व्हिसावर तुम्हालाही परवानगी काढून आठवड्याला २८ तास काम करता येतं.

एक दृश्य आधीच सांगते, म्हणजे छाती धडधडणार नाही. पहिलीतली मुलं पिवळ्या टोप्या घालून, आईवडिलांशिवाय, रांगेनं शाळेत चालत जातात. तुमच्या मुलालाही तसंच जावं लागेल. आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला, हिवाळ्यात थोडं आधी, खांबांवरच्या कर्ण्यांतून एका बालगीताची धून वाजते. ती आपत्तीच्या सूचना देणाऱ्या यंत्रणेची रोजची चाचणी असते, पण मुलांसाठी तिचा अर्थ घरी चला एवढाच. आपल्याकडे दिवेलागण म्हणतो तसं. ती वाजली की बागेतली मुलं खेळ अर्धा टाकून निघतात.

आता बाहेर पडायचं. सर्वांत आधी सायकल घ्या, पुढेमागे मुलांची बैठक बसवता येईल अशी ‘मामाचारी’; विजेवरची परवडली तर तीच. नोंदणी दुकानातच होते, टोकियोत विमा सक्तीचा आहे, हेल्मेट सगळ्यांनी घालावं असा नियम २०२३ पासून आहे, आणि एप्रिल २०२६ पासून सोळा वर्षांवरच्या सायकलस्वारांना मोटारीसारख्या दंडाच्या पावत्या सुरू झाल्या आहेत. फोन हातात घेऊन सायकल चालवू नका. स्टेशनसमोर कुठेही उभी केलेली सायकल उचलून नेतात. कासाई स्टेशनखाली नऊ हजारांहून जास्त सायकलींचं तळघर आहे, त्यात यंत्र सायकल जमिनीखाली ओढून घेतं. मुलांना एकदा ते नुसतं बघायला न्या.

पहिल्या महिन्यात चार जागा. ग्योसेन बागेतलं कुचं प्राणिसंग्रहालय: तिकीट नाही, सोमवारी बंद, लाल पांडा आहे, गिनी पिग मांडीवर घेता येतात, शेजारी तळ्याकाठी जपानी बाग. मोठ्या संग्रहालयात तीन वर्षांची मुलगी दमते, इथे तासाभरात सगळं होतं आणि पुढच्या रविवारी पुन्हा जाता येतं. दुसरी, कासाई स्टेशनच्या पुलाखालचं भुयारी रेल्वेचं संग्रहालय. आत जाताना मुलांना यंत्रातून तिकीट काढून फाटकातून जावं लागतं. १९२७ मध्ये उएनो ते असाकुसा धावलेल्या पहिल्या भुयारी गाडीचा पिवळा डबा तिथे उभा आहे, आणि गाडी चालवायचं सोंगाचं यंत्र आहे, त्यापुढे तुमचा मुलगा तास घालवेल. पावसाळ्यात, जून ते जुलैच्या मध्यापर्यंत, हे ठिकाण आमचा आधार असायचं. तिसरी, फुरुकावा शिन्सुइ बाग. सांडपाण्यानं काळा पडलेला ओढा बुजवण्याऐवजी कुनं तो स्वच्छ केला आणि १९७३ मध्ये मुलांना पाण्यात उतरता येईल असा वाहता ठेवला. जपानमधली अशी ती पहिली बाग. घोट्याएवढं पाणी, दोन्ही बाजूला झाडं. उन्हाळ्यात कपड्यांचा जास्तीचा जोड घ्या, कारण मुलं बसकण मारतातच.

चौथी जागा, कासाई रिंकाई पार्क, हिच्याबद्दल जरा लांबण लावते, कारण आमची मुलं तिथेच वाढली. समुद्रात भर घालून केलेलं हे पार्क १९८९ मध्ये खुलं झालं. आत मोठा आकाशपाळणा आहे, ११७ मीटरचा; हिवाळ्यातल्या स्वच्छ सकाळी वरून फुजी दिसतो. मत्स्यालय वास्तुकार योशिओ तानिगुची यांचं. काचेच्या घुमटातून सरकत्या जिन्यानं खाली उतरायचं, आणि मग २,२०० टन पाण्याच्या वळशाच्या टाकीत ट्यूना मासे गरगर फिरताना दिसतात. मोठ्यांना ७०० येन, प्राथमिक शाळेपर्यंतची मुलं फुकट, बुधवारी बंद. पण खरी जागा त्याच्याही पुढे आहे. पूल ओलांडला की पश्चिमेचा किनारा येतो, तिथे मुलांना वाळूत सोडता येतं. ओहोटीला पाणी दूर जातं, चिखलात चिमुकले खेकडे भोकांतून बाहेर येतात, आणि पाऊल टाकलं की एका क्षणात सगळे गायब. पूर्वेचा किनारा माणसांना बंद आहे, तो पक्ष्यांचा. २०१८ पासून हा टापू जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. ओहोटीची वेळ आदल्या रात्री बघून निघा. भरतीला गेलात तर मुलं हिरमुसतील.

डब्यात आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी, काकडी आणि दहीभात नेतो. ‘रेजा शीतो’ नावाचं प्लास्टिकचं बसकर शंभर येनच्या दुकानात मिळतं. त्यावर पादत्राणं काढूनच बसायचं. कचऱ्याच्या दोन रिकाम्या पिशव्या घ्या, कारण बागांत कचराकुंड्या जवळजवळ नसतात आणि सगळं घरी परत न्यायचं असतं. डायपरसुद्धा.

लांब जायचं तेव्हा ट्रेनचं गणित सोपं आहे: सहा वर्षांखालची दोन मुलं एका मोठ्या माणसाबरोबर फुकट, सहा ते अकरा अर्धं तिकीट. मुलाचं तिकिटाचं कार्ड स्टेशनच्या खिडकीत पासपोर्ट दाखवून करून घ्या. बाबागाडी डब्यात मिटायची गरज नाही, पण तोझाई लाइनला सकाळी साडेसात ते नऊ मुलांना घेऊन चढू नका. किबा ते मोंझेन-नाकाचो हा तुकडा देशातल्या सर्वांत गर्दीच्या तुकड्यांपैकी एक आहे.

पाचवी सहल सक्तीची समजा. सुमिदा कुमध्ये होंजो इथे अग्निशामक दलाचं शिकण्याचं केंद्र आहे, फुकट. तिथे खोली खरोखर हलवून भूकंप अनुभवायला देतात, धुरातून वाकून बाहेर पडायला लावतात, पाण्याचं अग्निशामक हातात देतात. आधी वेळ ठरवा आणि मुलांच्या वयाची अट विचारून घ्या. माझी मुलगी तिथे पहिल्यांदा टेबलाखाली शिरली आणि टेबलाचा पाय घट्ट धरायला शिकली. त्याच हिवाळ्यात एका रात्री भूकंपाच्या इशाऱ्यानं फोन किंचाळले तेव्हा तिनंच मला हात धरून खाली ओढलं. त्या सहलीहून परत आलात की आपत्तीसाठीची पिशवी भरा: माणशी रोज तीन लिटर पाणी, निदान तीन दिवसांचं, टॉर्च, औषधं, कार्डांच्या प्रती. आपत्तीत शाळेत उघडतात त्या निवाऱ्यात शाकाहारी जेवण मिळेल असं धरू नका. चिवडा, खाकरे, खजूर, गरम पाण्यात भिजणारा भात भरा आणि दर सप्टेंबरला बदला, म्हणजे दिवाळीचा चिवडा करायच्या आधी जुना संपतो.

आपली माणसं भेटतील का, हेही तुमच्या मनात असणार. टोकियो मराठी मंडळाचा गणेशोत्सव असतो, ऑक्टोबरात निशिकासाईत दिवाळीचा मेळावा भरतो आणि त्यात जपानी शेजारी जास्त उत्साहानं येतात. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी एदोगावा नदीच्या काठी आतषबाजी; सुरुवातीलाच पाच सेकंदांत हजार बार उडतात, मुलीच्या कानांवर हात ठेवा. सासू-सासरे आले की त्यांच्यासाठी प्रवासविमा भारतातूनच काढा, इथला विमा त्यांना लागू नाही. आणि पुढे कधी लांबचा प्रवास ठरला तर शिनकानसेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, ओकायामाला जा. तुमच्या सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएनच्या धर्तीवर बांधलंय, ती १७०० सालची बाग तिथे आहे. ओढ्याच्या वळणाशी उभं राहून तुमचा मुलगा म्हणेल, हे तर आपण पाहिलंय.

तुम्ही मार्चच्या मध्यावर येणार असं लिहिलंय. म्हणजे पेट्या उघडायच्या आतच शिनकावा नदीच्या काठी साकुरा, म्हणजे चेरीची झाडं, फुलायला लागेल, आणि तो बहर आठवडाभरही टिकत नाही. सामान राहू द्या. रेजा शीतो मोठं घ्या, सहा माणसांचं, आणि ज्यांच्या दारात टॉवेल दिलात त्या शेजारणीला विचारा, आमच्याबरोबर येता का.